तासांचा हिशेब कोणाच्या सहीने?

न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास काटेकोरपणे मोजायचे होते. कागदी हजेरीपट, हाताने भरलेले रकाने, त्यांवरून होणारी पगाराची आकडेमोड आणि जादा कामाच्या भत्त्यात होणारी हातचलाखी, या साऱ्याला एकदाची मूठमाती द्यावी, या हेतूने १९९८ साली 'सिटीटाइम' नावाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. अंदाजित खर्च होता ६ कोटी ३० लाख डॉलर. बारा वर्षांनंतर तो ७० कोटी डॉलरच्या घरात पोहोचला आणि १५ डिसेंबर २०१० रोजी मॅनहॅटनच्या संघराज्य अभियोक्त्यांनी या प्रकल्पावरील काही सल्लागारांवर फसवणुकीचे आरोप ठेवले. शिपायापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या वेळेचा हिशेब ठेवणारी यंत्रणा जे उभारत होते, त्यांच्याच वेळेच्या हिशेबात गैरव्यवहार निघाला होता.

या विसंगतीवर त्या काळी अमेरिकी वृत्तपत्रांनी यथेच्छ टीका केली. परंतु विनोदापलीकडे जाऊन पाहिले, तर सरकारी खात्यांत बाहेरच्या माणसांकडून काम करून घेताना नेमके काय बिघडते, याचे इतके तपशीलवार दस्तऐवजीकरण झालेले दुसरे प्रकरण सापडणे कठीण. खटला चालला, साक्षी झाल्या, कबुलीजबाब नोंदले गेले. कंत्राटी मनुष्यबळावर विसंबणे ही आता केवळ श्रीमंत शहरांची चैन राहिलेली नाही. मुंबईतील झाडूवाल्यापासून मंत्रालयातील संगणक-परिचालकापर्यंत तिचा विस्तार झाला आहे. म्हणूनच या प्रकरणाकडे पुन्हा एकदा पाहायला हवे.

प्रकल्पाचे कंत्राट प्रारंभी दूरसंचार क्षेत्रातील 'एमसीआय' या कंपनीकडे होते. पुढे ते हस्तांतरित होत २००१ च्या सुमारास 'एसएआयसी' या बड्या कंपनीकडे आले. संरक्षण खात्याची कामे करणारी ही कंपनी. तिच्या क्षमतेविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. शहराच्या बाजूने प्रकल्पाची जबाबदारी वेतन प्रशासन कार्यालयाकडे होती. या कार्यालयाची रचना मोठी मासलेवाईक होती. त्याचे संचालक मंडळ अवघे दोन जणांचे, एक महापौरांच्या बाजूचा आणि दुसरा शहराच्या निवडून आलेल्या महालेखापालाच्या बाजूचा. दोघांचे म्हणून ठेवलेले काम प्रत्यक्षात कोणाचेच राहत नाही, हा अनुभव आपल्याकडील एकत्र कुटुंबांनाही आहे आणि समित्यांनाही.

आता एसएआयसीच्या कामाची गुणवत्ता तपासणार कोण? वेतन कार्यालयाकडे संगणकशास्त्र जाणणारी माणसे पुरेशी नव्हती. म्हणून तपासणीसाठी 'स्फेरिऑन' ही दुसरी खासगी कंपनी नेमण्यात आली आणि तिच्यामार्फत मार्क मेझर हा सल्लागार २००४ मध्ये प्रकल्पात आला. पाहता पाहता तो शहराच्या वतीने प्रकल्पाचा कर्ताधर्ता झाला. किती सल्लागार लागतील, कोणाला घ्यावे, कोणाच्या कामाच्या तासांना मान्यता द्यावी, हे तोच ठरवू लागला. म्हणजे सरकारचा पैसा खर्च करण्याचा अधिकार कागदोपत्री सरकारी अधिकाऱ्याकडे आणि व्यवहारात ज्याचा पगार सरकारी नाही अशा माणसाकडे, अशी स्थिती निर्माण झाली. कुंपण म्हणून ज्याला उभे केले, त्यानेच शेत खाल्ले. वेतन कार्यालयाचे तत्कालीन संचालक स्वतः पूर्वी स्फेरिऑनतर्फेच या प्रकल्पावर काम करून आलेले होते. त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल झाला नाही, हेही येथे नोंदवायला हवे. प्रकरण बाहेर आल्यावर त्यांनी पद सोडले.

खरी कलाटणी मिळाली ती २००६ साली. तोपर्यंतचा करार ठरावीक रकमेचा होता. ठरलेले काम ठरलेल्या पैशांत करून द्यायचे आणि खर्च वाढला तर तो कंपनीने सोसायचा. त्या वर्षी करारात दुरुस्ती करून किती श्रम लागले त्यावर मोबदला अवलंबून ठेवण्यात आला. वाढीव खर्चाचा भार त्यामुळे कंपनीच्या खांद्यावरून शहराच्या तिजोरीवर आला. सामान्य नागरिकाला ही निव्वळ कायदेशीर शब्दरचना वाटेल. पण घराची रंगरंगोटी करून घेणाऱ्या कोणालाही तिचा अर्थ लगेच कळेल. रंगाऱ्याला संपूर्ण घराचे एकरकमी पैसे ठरवून दिले, तर काम लवकर उरकण्यात त्याचे हित असते आणि कामाचा दर्जा तपासणे एवढेच घरमालकाच्या हाती उरते. रोजंदारीवर लावले, तर दिवस वाढण्यात त्याचे हित असते. मग भिंतीजवळ उभे राहून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. शहराने रोजंदारी स्वीकारली, पण भिंतीजवळ उभे राहण्याचे कामही रोजंदारीवरच देऊन टाकले.

एसएआयसीने मनुष्यबळ पुरवण्याचे काम 'टेक्नोडाइन' या न्यूजर्सीतील उपकंत्राटदाराकडे कोणतीही स्पर्धा न घेता सोपवले होते. टेक्नोडाइनच्या हाताखाली आणखी लहान कंपन्या होत्या आणि त्यांतील काहींमागे मेझरच्या जवळचीच माणसे होती. पैसे वळवण्याची पद्धत ढोबळमानाने अशी, की टेक्नोडाइनने पुरवलेल्या प्रत्येक सल्लागाराच्या कामाच्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम एसएआयसीच्या अधिकाऱ्यांना पोहोचती होत असे. आपल्याकडे 'टक्केवारी' हा शब्द आता बोलीभाषेत स्थिरावला आहे. ती देयकाच्या एकूण रकमेवर असते. न्यूयॉर्कमध्ये भ्रष्टाचाराचे एकक तास हे होते. त्यामुळे माणसे जितकी जास्त आणि प्रकल्प जितका लांबेल, तितकी प्रत्येकाची कमाई वाढत गेली. मेझरला अडीच कोटी डॉलरहून अधिक आणि एसएआयसीचा प्रकल्प व्यवस्थापक जेरार्ड डेनॉ याला सुमारे ९० लाख डॉलर अशा मार्गाने मिळाल्याचे अभियोक्त्यांचे म्हणणे होते. टेक्नोडाइनचे मालक असलेल्या भारतीय वंशाच्या दाम्पत्यावर जून २०११ मध्ये आरोपपत्र ठेवण्यात आले, तोवर ते भारतात निघून गेले होते.

या तपशिलातील सर्वांत महत्त्वाची बाब बहुतेक वर्णनांत निसटते. सल्लागार कामावर येतच नव्हते आणि त्यांचे तास बसल्या जागी लिहिले जात होते, असे हे सरसकट प्रकरण नव्हते. खोट्या तासांना मान्यता दिल्याचे आरोप होते हे खरे. तथापि लुटीचा मोठा भाग प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसांच्या तासांतून झाला. माणसे येत होती, खुर्चीत बसत होती, संगणकही चालू होते. फक्त त्यांतील कित्येकांची गरजच नव्हती आणि जे होते त्यांचा दर अवाच्या सवा होता. 'डेली न्यूज'चे स्तंभलेखक हुआन गोन्झालेस यांनी अटकसत्रापूर्वीच हे प्रकरण लावून धरले होते. दोनशेहून अधिक सल्लागार आणि प्रत्येकामागे वर्षाला सरासरी ४ लाख डॉलर खर्च, असे चित्र त्यांनी वाचकांसमोर मांडले. सप्टेंबर २०१० मध्ये महालेखापाल जॉन लिऊ यांच्या लेखापरीक्षणानेही वेतन कार्यालयाच्या देखरेखीवर कडक ताशेरे ओढले.

ज्यांच्या नोंदींसाठी हा सारा खटाटोप, त्या शहराच्या नियमित कर्मचाऱ्यांचा अनुभव मात्र वेगळा होता. काही खात्यांत त्यांना हजेरीसाठी यंत्रावर पंजा ठेवावा लागे. अभियंते आणि वास्तुविशारदांच्या संघटनेने त्याला अपमानास्पद ठरवून विरोध केला. व्यवस्थापनाने तो कामचुकारांचा कांगावा मानला असेल. पण संघटना आणखी एक गोष्ट वारंवार सांगत होती, ती म्हणजे या प्रकल्पावर पैसा पाण्यासारखा वाहतो आहे. पंजाच्या यंत्राकडे असलेले लक्ष या इशाऱ्याकडे गेले नाही.

हजेरीच्या प्रश्नाचे वास्तविक तीन थर असतात. माणूस कामावर होता का, हा पहिला. होता तर त्याने याच कामावर वेळ घालवला का, हा दुसरा. आणि ते काम, त्या दर्जाच्या माणसाकडून, तितका वेळ करून घेण्याची गरज होती का, हा तिसरा. अंगठ्याचे यंत्र, चेहरा ओळखणारा कॅमेरा, भ्रमणध्वनीवरील स्थाननोंद ही सारी साधने फार तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. दुसऱ्याचे उत्तर वरिष्ठाच्या रोजच्या निरीक्षणातून मिळते. तिसऱ्याचे उत्तर देण्यासाठी कामाची जाण असलेला आणि नोकरीने सरकारला बांधलेला अधिकारी लागतो. सिटीटाइममध्ये चोरी झाली ती मुख्यतः तिसऱ्या थरावर. तेथे जगातील उत्तमोत्तम हजेरीयंत्र बसवले असते, तरी सगळे सल्लागार त्यातून सुखरूप पार झाले असते.

यंत्रे पहिल्या थरावरही कितपत टिकतात, याचे उत्तर भारतात मिळाले आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून ती ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र काढले जात आहे आणि एकच समूह अनेक हजेरीपटांवर दिसतो आहे. उपाय म्हणून छायाचित्रे माणसांकडून तपासून घेण्याचे आदेश निघाले. म्हणजे यंत्र आले, यंत्राची तपासणी आली आणि तपासणीसाठी पुन्हा माणूस आलाच.

याचा अर्थ सुधारणा अशक्य आहे असा नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या खरेदी नियमांनी ही बाब फार पूर्वी ओळखली. तासांवर मोबदला देणाऱ्या करारात खर्च आटोक्यात ठेवण्याची कंत्राटदाराला काहीच प्रेरणा नसते, असे त्या नियमांत स्पष्टपणे म्हटले गेले. म्हणून दुसरा कोणताही करार सोयीचा नसेल तेव्हाच असा करार करावा, त्याला खर्चाची कमाल मर्यादा घालावी आणि सरकारने स्वतः देखरेख ठेवावी, अशी त्यांची अपेक्षा. संरक्षण खात्याच्या कंत्राटांची तपासणी करणारी लेखापरीक्षण यंत्रणा तर कंत्राटदाराच्या कचेरीत पूर्वसूचना न देता जाते. लेखापरीक्षक टेबलाशी उभा राहून विचारतो, तुम्ही आत्ता कोणते काम करत आहात आणि आजचे तास कोणत्या खात्यावर लिहिणार? कर्मचाऱ्याने स्वतःचे तास रोजच्या रोज स्वतः लिहावेत, खाडाखोड केली तर मूळ आकडा वाचता यावा आणि वरिष्ठाने त्यावर मान्यता द्यावी, असा तेथील दंडक. यात तंत्रज्ञान फारसे नाही. आपल्याकडच्या जुन्या बांधकाम खात्यातील मस्टर तपासणीचीच ही सुधारित आवृत्ती म्हणता येईल. हे नियम संघराज्य सरकारला लागू. न्यूयॉर्क शहराला त्यांचे बंधन नव्हते.

शहराला शहाणपण आले ते पैसे गेल्यावर. त्यातला बराचसा पैसा परतही आला, हे या प्रकरणाचे आणखी एक वेगळेपण. मार्च २०१२ मध्ये एसएआयसीने ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन खटला टाळणारी तडजोड केली आणि त्यातील बहुतांश शहराच्या वाट्याला आली. टेक्नोडाइनशी असलेल्या संबंधांविषयी २००५ मध्येच कंपनीकडे अंतर्गत तक्रार आली होती आणि तिची धड चौकशी झाली नाही, हेही त्या वेळी कबूल करण्यात आले. मेझर, डेनॉ आणि आणखी एक साथीदार यांना नोव्हेंबर २०१३ मध्ये दोषी ठरवण्यात आले. एप्रिल २०१४ मध्ये तिघांनाही प्रत्येकी २० वर्षांची शिक्षा झाली. शहराच्या परिषदेने २०१२ मध्ये कायदा करून एक कोटी डॉलरवरील मोठ्या कामांचा खर्च २० टक्क्यांहून अधिक वाढला, तर त्याची माहिती परिषदेला देणे बंधनकारक केले. पुरवठादारांची पूर्वपीठिका तपासण्यासाठी वापरले जाणारे कागदी अर्ज जाऊन २०१७ पासून 'पासपोर्ट' ही संगणकीय व्यवस्था आली. आणि सिटीटाइम? ती प्रणाली मोडीत निघाली नाही. दीड लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांचे तास तिच्यात नोंदले जाऊ लागले. चोरीच्या पैशांतून का होईना, घड्याळ चालू झाले.

मुंबईच्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. पण आपल्या शहरात चित्र बरोबर उलटे आहे. न्यूयॉर्कमध्ये कंत्राटी माणसाचे तास फुगवले गेले. मुंबईत कंत्राटी माणसाचे दिवस पुसले गेले. महापालिकेचा कचरा उचलणारे हजारो कामगार वर्षानुवर्षे ठेकेदारांमार्फत राबले. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदाराला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत असे. तेव्हा त्याहून कमी माणसांचे लहान लहान ठेके देण्याची शक्कल निघाली. कामगारांना कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हणण्याचाही प्रयोग झाला. काम एकच, रस्ता एकच, चौकी एकच. कागदावर मात्र ठेकेदार बदलत राहायचा आणि प्रत्येक बदलासरशी कामगाराची सेवा शून्यापासून मोजली जायची.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने याविरुद्ध दीर्घ लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१४ मध्ये सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मध्ये ठेकेदार हा केवळ पडदा असून खरा मालक महापालिकाच आहे, हा त्या लढ्याचा गाभा. पण निकाल लागल्यावरही अनेकांच्या पदरी नोकरी लगेच पडली नाही. यादीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव जुळेना. कोणाचे आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले, कोणाच्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. ज्या हजेरीवर कामगाराचे अवघे भवितव्य अवलंबून, ती लिहिणाऱ्याला अक्षर नीट लिहिण्याचीही गरज भासली नव्हती. कारण त्याचे पैसे त्या अक्षरावर अवलंबून नव्हते.

दोन्ही शहरांतील दुखणे मुळात एकच आहे. काम सरकारचे, पैसा सरकारचा, पण कोणी किती काम केले याची मूळ नोंद मात्र ठेकेदाराच्या ताब्यात. ती फुगवण्यात फायदा असेल तेथे ती फुगते आणि दडवण्यात फायदा असेल तेथे दडते. हे ओघानेच आले. सॉफ्टवेअर अभियंत्याला आपला तास कोणी लिहिला याची फिकीर करण्याचे कारण नव्हते, त्याचा पगार त्याला मिळतच होता. झाडूवाल्याला मात्र भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई आणि कायमपणाचा हक्क या तिन्ही गोष्टी त्याच कागदातून सिद्ध कराव्या लागतात. म्हणून हजेरीचा प्रश्न केवळ सरकारी बचतीचा मानणे अपुरे आहे. 'कार्यक्षमता' आणि 'पारदर्शकता' या शब्दांची प्रशासनाला हौस फार. हजेरीपटाची एक प्रत कामगाराच्या हाती देणे या साध्या कृतीची मात्र नाही.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय केला, तेव्हा मोठे वादळ उठले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो शासन निर्णय रद्द करण्यात आला. आरक्षणाचे काय, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचे काय, हे प्रश्न रास्त होते आणि चर्चा त्यांभोवतीच फिरली. पण त्या नऊ संस्थांनी पुरवलेल्या माणसांचे तास कोण नोंदवणार होते, खात्यातील कोणता अधिकारी त्यावर सही करणार होता आणि ती सही चुकीची निघाल्यास त्याच्यावर कोणती जबाबदारी येणार होती, याविषयी फारसे कोणी विचारले नाही. निर्णय रद्द झाल्याने कंत्राटी नेमणुका थांबल्या, असेही नव्हे. रुग्णालये, पालिका, महामंडळे यांत त्या पूर्वीप्रमाणेच होत राहिल्या, फक्त खात्याखात्यांच्या स्वतंत्र निविदांनी. आणि अशा निविदांत ठेकेदार नाममात्र सेवाशुल्क लावून काम पटकावतो, तेव्हा त्याचा नफा कोठून येतो, हे विचारायला लेखापरीक्षक असण्याची आवश्यकता नाही. तो एकतर कागदावरील जास्तीच्या माणसांतून येतो किंवा प्रत्यक्षातील माणसांच्या कापलेल्या वेतनातून.

१९७० च्या कायद्यात एक तरतूद होती. ठेकेदाराने वेतन वाटताना मूळ मालकाचा अधिकृत प्रतिनिधी तेथे हजर असला पाहिजे आणि वेतन आपल्यासमोर दिले गेले, असे त्याने सहीनिशी प्रमाणित केले पाहिजे. कायदा करणाऱ्यांनी यंत्राची नव्हे, तर माणसाच्या उपस्थितीची मागणी केली होती. पुढे वेतन बँकेत जमा होऊ लागले, तशी ही उपस्थिती उपचारापुरती उरली. अनेक ठिकाणी महिन्याअखेरीस एकगठ्ठा सह्या करून ती साजरी होई. बँकेतील नोंदीने पैसे गेले हे कळते. किती दिवसांचे गेले पाहिजे होते, हे कळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि तो जुना कायदा त्यांत विलीन झाला. कंत्राटी कामगारांसाठी संहिता लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते मूळ मालकाने द्यायचे, हे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे. मात्र बुडालेले वेतन मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो, तू किती दिवस काम केलेस, हाच; आणि एकोणपन्नास माणसांच्या ठेक्यावरील कामगाराला त्याचे उत्तर ठेकेदाराच्या मुकादमाकडूनच आणावे लागेल.